निवांतपणाचं भरगच्च वेळापत्रक

पॅरिसच्या माणसाला चाळिशी उलटली की दोन दुखणी जडतात. एक कंबरेचं आणि दुसरं खेड्यात घर घेण्याचं. कंबरेला मलम तरी चोळता येतं. दुसऱ्या दुखण्यात माणूस रात्र-रात्र मोबाइलवर घरं बघत बसतो. दगडी भिंती, निळ्या झडपांच्या खिडक्या, मागच्या अंगणात अक्रोडाचं झाड. २०२० च्या टाळेबंदीनंतर ही साथ आणखीच फोफावली. अशा घराच्या जाहिरातीत एक शब्द हमखास असतो, तो म्हणजे शांतता. तेवढ्या एका शब्दाखातर माणूस वीस वर्षांचं कर्ज काढतो, मेट्रोचा पास ड्रॉवरमध्ये टाकतो आणि सामानाचा ट्रक भरून दोर्दोन्यच्या नाहीतर आर्देशच्या वाटेला लागतो.

महिनाभरात त्याच्या ध्यानात येतं, की गावात बाकी सगळं आहे. स्वस्थ बसायला तेवढी सवड नाही.

शांततेचा निकाल तर पहाटेच लागतो. कोंबडा आरवून झाला की चर्चची घंटा सुरू होते. कित्येक गावांत चर्चचं घड्याळ तासाचे टोले एकदा देऊन गप्प बसत नाही. दोनेक मिनिटांनी तेच टोले पुन्हा देतं. शेतातल्या माणसाचं पहिल्या खेपेला मोजायचं चुकलं, तर त्याला दुसरी संधी मिळावी म्हणून. शहरातून आलेल्याला दुसऱ्या संधीची गरज नसते. पहिल्या खेपेलाच त्याने सगळे टोले छताकडे बघत मोजलेले असतात.

काही जण मग कोर्टात जातात. ओलेरों बेटावर मोरिस नावाचा एक कोंबडा होता. शेजारच्या घरात सुटीला येणाऱ्या निवृत्त जोडप्याने त्याच्या बांगेविरुद्ध दावा लावला. प्रकरण रोशफोरच्या न्यायालयात गेलं, देशभरातून लाखावर लोकांनी मोरिसच्या बाजूने सह्या केल्या आणि ५ सप्टेंबर २०१९ रोजी निकाल लागला. मोरिसला आरवण्याची मुभा मिळाली, वर त्याच्या मालकिणीला १००० युरो नुकसानभरपाई. दोर्दोन्यमधल्या ग्रिन्योलच्या बेडकांचं नशीब मात्र एवढं थोर नव्हतं. २०१६ मध्ये बोर्दोच्या अपील न्यायालयाने त्यांचं तळंच बुजवायला सांगितलं. दक्षिणेत ल बोसे या गावी तर २०१८ च्या उन्हाळ्यात पर्यटकांनी सरपंचांकडे तक्रार नेली, की झाडावरचे सिकाडा किडे फार किरकिर करतात, जरा औषध फवारून घ्या. प्रोव्हान्समध्ये सिकाडाचं चित्र टेबलावरच्या कापडापासून साबणापर्यंत सगळ्यावर छापलेलं असतं. ते पाहुणे बहुधा तो साबण घेऊनच परतले असतील.

या सगळ्याला कंटाळून गाझाक गावचे तेव्हाचे सरपंच ब्रुनो दियोनी द्यु सेझूर यांनी २०१९ मध्ये एक खुलं पत्र लिहिलं. घंटानाद, गाईंचं हंबरणं, कोंबड्यांची बांग यांना राष्ट्रीय वारसा म्हणून मान्यता द्या, अशी त्यांची मागणी होती. इतर कुठल्या देशात असं पत्र वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात छापून आलं असतं. फ्रान्समध्ये त्यातून कायदा निघाला. २९ जानेवारी २०२१ पासून खेड्यातले आवाज आणि वास हा तिथला अधिकृत वारसा आहे. शेणाच्या वासाला संसदेचं संरक्षण लाभलं. २०२४ मध्ये आणखी एक कायदा आला. त्याचा मथितार्थ असा, की गोठा तुमच्या आधीपासून तिथे असेल, तर गोठ्याबद्दल कुरकुर करायची नाही.

हे असं होतं, कारण फ्रान्समध्ये गाव ही चेष्टेवारी न्यायची चीज नाही. देशात जवळपास ३५,००० कम्यून आहेत, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी पाचशेपेक्षा कमी माणसं राहतात. तरी प्रत्येकाला स्वतःचा सरपंच, स्वतःचं कार्यालय आणि दारावर झेंडा. द्रोम जिल्ह्यातल्या रोशफुर्शाची अधिकृत लोकसंख्या एक आहे. त्यालाही सरपंच आहे आणि सदस्य मंडळही. बाहेरगावी राहणाऱ्या घरमालक मंडळींच्या जिवावर कारभार चालतो. गावात वाद घालायला निदान दोन माणसं लागतात, त्यामुळे तिथे सलोखा नांदत असावा.

सरपंचाच्या हाती फर्मान काढण्याची सत्ता असते आणि ती मोकळ्या हाताने वापरली जाते. शातोनफ-द्यु-पाप या वाइनच्या गावाने १९५४ मध्ये आपल्या हद्दीत उडत्या तबकड्यांना उतरायला बंदी घातली. उतरलीच, तर तबकडी ताबडतोब जप्त. हुकूम अजून कायम आहे आणि एकाही तबकडीने तो मोडलेला नाही. सार्पूरेंक्सच्या सरपंचांनी २००८ मध्ये त्याहून कडक पाऊल उचललं. दफनभूमी भरली होती आणि ती वाढवायला परवानगी मिळत नव्हती. तेव्हा ज्यांनी तिथे जागा घेऊन ठेवलेली नाही, त्यांनी गावात मरू नये, असं फर्मान त्यांनी काढलं. मोडणाऱ्याला जबर शिक्षा होईल, हेही त्यात होतं.

अशा गावात नव्या माणसाची पहिली परीक्षा होते ती पावाच्या दुकानात. आत शिरताना मोठ्याने ‘बोंझूर’ म्हणायचं. कोणाला? सगळ्यांना. ओळख असो वा नसो. डॉक्टरच्या बाहेरच्या खोलीत सहा जण तापाने फणफणत बसले असले, तरी सातवा आत येताना बोंझूर म्हणतो आणि सहाही जण कण्हत परत करतात. हे न म्हणता थेट ‘एक बागेत द्या’, म्हणजे तो लांबडा पाव द्या, असं म्हणणारा माणूस पाव घेऊन बाहेर पडतो खरा, पण दुपारपर्यंत त्याची कीर्ती शेजारच्या गावात पोहोचलेली असते.

ज्या गावात बेकरी उरलेली नाही, तिथे पावाची गाडी येते. कोपऱ्यावर हॉर्न वाजतो आणि घराघरांतून माणसं बाहेर पडतात. काहींनी आदल्या रात्रीच फाटकाला कापडी पिशवी अडकवून ठेवलेली असते, आत सुटे पैसे. गाडीवाला पिशवीत पाव टाकतो आणि पुढे जातो. पण रस्त्यात जमलेली मंडळी काही पुढे जात नाहीत. कोणाचा गुडघा, कोणाची सून, सरपंचाने लावलेला नवा दिवा आणि नको तिथे घातलेला गतिरोधक, असं करत करत बागेतचं टोक तिथेच मोडून खाल्लं जातं. २०२२ मध्ये युनेस्कोने या पावाच्या कारागिरीला आणि संस्कृतीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. उरलेला तुकडा घरी नेणं हा त्या वारशाचा कमी महत्त्वाचा भाग असावा.

दुसरी परीक्षा गालाची. ओळख जरा घट्ट झाली, की भेटताना आणि निघताना गालाला गाल लावून हवेत चुंबन घ्यायचं, त्याला ‘बीझ’ म्हणतात. खरी अडचण संख्येची. देशात बहुतेक ठिकाणी दोन चालतात. मोंपेल्येच्या आसपास तीन. काही जिल्ह्यांत चार. ब्रिटनीच्या टोकाला, फिनिस्तेरमध्ये, बऱ्याच जागी एकावरच भागतं. शिवाय सुरुवात डाव्या गालापासून की उजव्या, हेही दर काही मैलांवर बदलतं. दोनवाला आणि तीनवाला समोरासमोर आले, की एक जण मान मागे घेतो, दुसरा पुढे करतो आणि तिसरं चुंबन कानाला जातं. २०१७ च्या अखेरीला इझेर जिल्ह्यातल्या मोरेत गावच्या महिला सरपंचांनी सहकाऱ्यांना सरळ कळवून टाकलं, की आपण यापुढे हस्तांदोलन करणार. त्या छोट्या गावच्या एवढ्याशा बातमीवर देशभर चर्चासत्रं झडली. करोनात सगळ्यांनाच गाल आवरते घ्यावे लागले. काहींना तेव्हा मनातून हायसं वाटलं, पण ते बोलून दाखवण्याइतकं धैर्य प्रत्येकाकडे नव्हतं.

बीझ जमली, की आमंत्रण येतं. पहिलं आमंत्रण कधीही जेवणाचं नसतं, ‘अपेरो’चं असतं. साडेसहा-सातला या, एक पेला घेऊ. इथे सात म्हणजे सव्वासात. वेळेवर पोहोचलेला पाहुणा यजमानाला ओल्या केसांनिशी गाठतो आणि ते कोणालाच आवडत नाही. फुलं न्यायला हरकत नाही, फक्त शेवंती नको. ती १ नोव्हेंबरच्या सुमाराला थडग्यांवर ठेवतात.

दक्षिणेत अपेरोला पास्तिस असतो. १९१५ मध्ये सरकारने अब्सांत या मद्यावर बंदी आणल्यावर बडीशेपेच्या चवीला सोकावलेला देश काही काळ पोरका झाला होता. १९३२ मध्ये मार्सेयच्या पॉल रिकारने आपला पास्तिस बाजारात आणला आणि घरोघरच्या संध्याकाळी मार्गी लागल्या. तो ओतणं हे धर्मकृत्यच. पेल्याच्या तळाशी दोन बोटं मावतील एवढा पिवळा पास्तिस. त्यावर पाचपट गार पाणी, सावकाश. मग पारदर्शक द्रव बघता बघता ढगाळ, दुधाळ होतो, कारण बडीशेपेच्या अर्कातलं तेल पाण्यात विरघळत नाही. बर्फ सर्वांत शेवटी. आधी बर्फ टाकला, तर तेलाचे कण गोठून तवंग येतो आणि टेबलावरचा सर्वांत वयस्कर माणूस काहीही न बोलता त्या पेल्याकडे बघत राहतो. बर्गंडीकडे गेलं, तर काळ्या मनुकांसारख्या दिसणाऱ्या कासिस फळांचं मद्य आणि पांढरी वाइन यांचं ‘कीर’ असतं. हे नाव फेलिक्स कीर यांचं. ते ख्रिस्ती धर्मगुरू होते आणि १९४५ ते १९६८ अशी तेवीस वर्षं दिजोंचे महापौरही. अधिकृत पाहुण्यांना ते हेच पाजत. आपल्या नावाचा रस्ता सगळ्याच पुढाऱ्यांना हवा असतो. नावाचा पेला एखाद्याच्याच नशिबी.

‘एक पेला’ हा शब्दप्रयोग शब्दशः घेणारा माणूस साडेआठला निघायचं म्हणून आठलाच घड्याळ बघू लागतो. तोवर ऑलिव्ह, सॉसेजच्या चकत्या, यजमानाने स्वतः लावलेले मुळे आणि मीठ-लोणी एवढं येऊन गेलेलं असतं. आता स्वयंपाकघरातून एक खमंग केक येतो, त्यात हॅम आणि चीज. मग कोणीतरी म्हणतं, थोडं काहीतरी खाऊनच जा.

ते ‘थोडं काहीतरी’ म्हणजे काय, हे युनेस्कोच्या कागदपत्रात लिहिलेलं आहे. फ्रेंच लोकांचं सणासमारंभाचं भोजन २०१० मध्ये वारसा यादीत गेलं. त्याच्या वर्णनानुसार त्याची सुरुवात अपेरोने आणि शेवट लिक्योरने होतो, मध्ये निदान चार टप्पे लागतात. आधी काहीतरी हलकं, मग भाज्यांसोबत मासा किंवा मांस किंवा दोन्ही, मग चीज, मग गोड. रविवारचं दुपारचं जेवण बाराला बसतं आणि चार वाजता कॉफी येते, ती याच हिशेबाने. मधल्या वेळात पंगतीत मुख्य विषय एकच, पूर्वी कुठेतरी जेवलेलं जेवण. तोंडात बदकाची तंगडी असताना माणसं २०११ सालच्या सशाच्या रश्श्याबद्दल हळहळतात.

चीजचं ताट फिरू लागलं की नव्या माणसाने सावध व्हावं. ब्रीचा तुकडा त्रिकोणी असतो आणि त्याचं टोक म्हणजे सर्वांत मऊ, सर्वांत पिकलेला भाग. ते टोक आडवं कापून स्वतःच्या ताटात घेणारा पुन्हा बोलावला जाईलच असं नाही. सुरी लांबीच्या दिशेने चालवायची, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला थोडं टोक, थोडी कड. चीजचं ताट एकदाच फिरतं, दुसऱ्यांदा मागायचं नाही. हिरव्या सॅलडची पानं सुरीने कापायची नाहीत, काट्याने घडी घालून तोंडात कोंबायची. पाव टेबलावर पालथा ठेवायचा नाही, अपशकुन होतो. पेले भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं आणि कोणाच्या हातावरून हात जाऊ द्यायचा नाही. दहा जण असले, तर हा विधी उरकेपर्यंत वाइनला पुरेशी हवा लागते.

एवढं होऊनही कोणी एकमेकांना अरे-तुरे करत नाही. ते वयाने मोठ्या माणसाने सुचवायचं असतं, आणि काही शेजारी तीस वर्षं एकमेकांची कुत्री सांभाळतात, पण ‘तुम्ही’ सोडत नाहीत.

दुपारी जेवून जड झालेल्या मंडळींना चर्चसमोरच्या झाडांखाली व्यायाम मिळतो, तो म्हणजे पेतांक. १९०७ च्या सुमाराला मार्सेयजवळच्या ला सिओतामध्ये संधिवाताने धावणं बंद झालेल्या एका खेळाडूसाठी हा खेळ बेतला गेला. उभ्या जागी दोन्ही पाय टेकून गोळा टाकायचा. सहा ते दहा मीटरवर पडलेल्या लाकडी गोटीच्या जवळ ज्याचा गोळा, त्याचा गुण. पहिला तेराला जिंकतो. जो शून्यावर हरतो, त्याला ‘फानी’च्या उघड्या पार्श्वभागाचं चुंबन घ्यावं लागतं. घाबरण्याचं कारण नाही, ही फानी चित्रात नाहीतर लाकडी पाटीवर असते आणि पुष्कळ क्लबांत ती याच कामासाठी भिंतीवर टांगलेली असते. खेळात खरी मजा मोजमापाला येते. दोन गोळ्यांत केसाचं अंतर असलं, की कोणाच्या तरी खिशातून टेप निघतो. आठ माणसं गुडघे धरून खाली वाकतात. संधिवाताचा खेळ म्हणतात तो उगाच नव्हे.

पूर्वी या सगळ्याची उरलीसुरली चर्चा कॅफेत व्हायची. १९६० च्या सुमाराला देशात दोन लाखांच्या आसपास कॅफे होते, आज चाळीस हजारही धड उरलेले नाहीत, आणि गावं त्यात आधी मार खाल्लेली. पण फ्रेंच खेड्याने हार मानली नाही. त्याने मंडळं काढली. १ जुलै १९०१ च्या कायद्यानुसार मंडळ काढायला दोन माणसं पुरतात. एक अध्यक्ष, दुसरा खजिनदार. त्यामुळे तीनशे वस्तीच्या गावात उत्सव समिती, शिकार मंडळ, पेतांक क्लब, ज्येष्ठांचा क्लब आणि चर्चचं छप्पर वाचवा समिती अशी मंडळं सुखाने नांदतात. तीच बारा माणसं सगळीकडे असतात, फक्त पदं बदलतात. मंडळाला वर्षातून पाच वेळा तात्पुरता बार मांडता येतो. पाच मंडळं गुणिले पाच. कायदा वाचणारा माणूस गावात प्रिय का असतो, ते यावरून कळतं.

या मंडळांचं मंदिर म्हणजे गावचा हॉल. ट्यूबलाइट, घडीची टेबलं आणि कितीही हीटर लावला तरी न जाणारा गारठा. जानेवारीत इथे सरपंच नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतात. भाषणात गटारांची वाटचाल सांगितली जाते आणि मग बदामाच्या सारणाची ‘गालेत’ कापली जाते. आत चिनी मातीची एक इवलीशी बाहुली दडवलेली असते. ती ज्याच्या दाताखाली येईल, तो दिवसभराचा राजा. वशिलेबाजी होऊ नये म्हणून घरोघरी सर्वांत लहान मूल टेबलाखाली बसून कोणता तुकडा कोणाला ते पुकारतं. सरपंचाच्या भाषणापेक्षा लोकांचा या मुलावर जास्त विश्वास असतो.

हिवाळ्यातली खरी गर्दी मात्र लोटोला. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या रात्री किंवा सोसायटीच्या गणपतीत हौजी खेळतात, तोच हा खेळ. तीच तीन ओळींची तिकिटं, तेच पंधरा आकडे, तीच नव्वदपर्यंतची पिशवी. ओळ भरली की ‘कीन’, पूर्ण घर भरलं की ‘कार्तों प्लें’. पुकारणाऱ्याच्या कोट्याही तशाच जुनाट. अकरा म्हणजे तंगड्या, बावीस म्हणजे दोन कोंबड्या, नव्वद म्हणजे आजोबा. तेहतीस आला की ‘डॉक्टरकडे’, कारण तिथले डॉक्टर छाती तपासताना रोग्याला तेहतीस म्हणायला लावत. फरक बक्षिसात आहे. कायद्याने इथे रोख पैसे देता येत नाहीत. त्यामुळे पॅरिसहून आलेला सॉफ्टवेअरवाला रात्री अकरा वाजता अख्खा डुकराचा पाय खांद्यावर टाकून घरी जातो आणि बायकोला सांगतो, की जिंकलो.

इतका सगळा घरोबा झाला, तरी एका गोष्टीत मैत्री थांबते. पावसाळी सप्टेंबरनंतर जंगलात सेप नावाची भूछत्रं उगवतात. माणूस तुम्हाला शिडी देईल, ट्रॅक्टर देईल, आजीच्या टेरीनची कृती सांगेल. सेप कुठे सापडले, ते सांगणार नाही. गाडी मुद्दाम दुसऱ्याच रानाजवळ लावून अर्धा मैल चालत जाणारे आहेत. टोपली भरून आणली, की ती घेऊन औषधाच्या दुकानात जायचं, कारण फ्रान्समध्ये फार्मासिस्ट शिकतानाच भूछत्रं ओळखायला शिकतात. खोकल्याचं औषध घ्यायला आलेली मंडळी रांगेत मान उंचावून बघत असतात. फार्मासिस्ट काऊंटरवर एक विषारी बाजूला काढतो आणि सहज विचारल्यासारखं करतो, की कुठे मिळाले? उत्तर ठरलेलं असतं. तिकडे, जंगलात.

शनिवारच्या जेवणाचा सर्वांत लांब टप्पा मात्र युनेस्कोच्या कागदावर नाही, तो म्हणजे निघणं. रात्री साडेअकराला कोणीतरी गुडघ्यांवर दोन्ही हात आपटून ‘चला’ म्हणतं. कोणी हलत नाही. बाराला तोच माणूस पुन्हा म्हणतो. आता सगळे उठतात आणि उभ्या-उभ्या अर्धा तास बोलतात. यजमानीण विचारते, व्हर्बेनाचा काढा ठेवू का? ठेवते. मग निरोपाच्या बीझ. बारा माणसं असली तर सहासष्ट जोड्या होतात. दर जोडीला दोन धरले, तर एकशेबत्तीस आणि घोळक्यात मोंपेल्येकडचं कोणी असेल तर जास्त. त्यात आपण कोणाला उरकलं आणि कोणाला नाही, हा हिशेब कोट घालताना चुकतो आणि यजमानाला दोनदा भेटून त्याच्या सासूला विसरायला होतं. ती विसरत नाही.

गाड्यांची इंजिनं सुरू झाल्यावर काच खाली होते. पुढच्या शनिवारी आमच्याकडे? पुढच्या शनिवारी लोटो. त्याच्या पुढच्या? शिकार मंडळाचं रानडुकराचं जेवण. त्याच्या पुढचा रविवार जुन्या वस्तूंच्या बाजाराला गेलेला, मग पेतांकची स्पर्धा, मग सरपंचाकडे कोणीतरी काहीतरी. इंजिन चालू, दिवे चालू, मागच्या गाडीला वाट नाही, आणि त्या गाडीतलाही खाली उतरून याच चर्चेत सामील होतो. शेवटी सहा आठवड्यांनंतरचा एक मंगळवार रिकामा सापडतो. सात वाजता. म्हणजे सव्वासात. फक्त एक पेला.